एस्तेरचा टेकू, तुझी विहीर

प्रिय दादा,

सवयीनं 'प्रिय' लिहून गेले. राहू दे. पण पुढचं वाचताना त्या शब्दावर फार विसंबू नकोस.

तुला जाऊन वर्ष झालं. इथे दुबईत, जबल अलीच्या चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा झाली. फादरनी तुझं नाव घेतलं, वहिनी रडली, मीही रडले. बाहेर आल्यावर वहिनीनं माझा हात धरला. "मोने, नव्या ऑफिसात ट्रेनिंग रूमला त्याचं नाव देतोय. भिंतीवर त्याच्या फोटोखाली लावायला चार ओळी लिहून दे ना. तू टीचर, तुला छान जमेल."

घरी येऊन बसले. 'मुलांचे लाडके सर' लिहिलं, खोडलं. 'आफ्रिकेच्या चिमुकल्यांना पंख देणारा' लिहिलं आणि कागद फाडून टाकला. त्या चार ओळी मी शेवटपर्यंत दिल्या नाहीत. उद्घाटन त्यांच्याशिवाय पार पडलं. आता निवांत झालेय, म्हणून जे खरंच लिहायचं होतं ते लिहिते. रागाचं आहे. तू जिवंत असताना माझा राग कधी पूर्ण ऐकून घेतला नाहीस. मध्येच "यल्ला मोने, चल, चहा पिऊ" म्हणायचास आणि विषय संपवायचास. आता कुठे जाशील?

चांगलं आधी सांगून टाकते, म्हणजे ते सारखं मध्ये येऊन मला अडवणार नाही.

मला दुबईत तू आणलंस. अल कुसैसच्या शाळेत गणित शिकवायला लागले तीही तुझ्याच ओळखीनं. माझ्या वर्गात अर्धी मुलं आफ्रिकन. नायजेरिया, घाना, केनिया, युगांडा. कुणाचे वडील गार्ड, कुणाचे ड्रायव्हर, कुणाची आई नर्स, कुणाची हॉटेलात. गणितं फटाफट सोडवायची. पण "हे असंच का?" असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघायची, टीचरला कुठलं उत्तर हवंय ते शोधायला. मला असा एक वर्ग हवा होता, जिथे उत्तर माझ्याकडेही नसेल. मुलांनी आपली अडचण आपण शोधायची, तिच्यावर काहीतरी बनवायचं, मोडलं तर का मोडलं ते बघून पुन्हा बनवायचं.

तुला सांगितलं आणि तू लगेच हो म्हणालास. अल क्वोजचं तुझं वेअरहाउस: खाली शाळांना विकायचे रोबोटचे किट, वरच्या माळ्यावर जुनी खोकी. बाह्या दुमडून तू स्वतः ती खोकी खाली उतरवलीस. बंद पडलेला एसी दुरुस्त करून घेतलास. शनिवारी सकाळी मुलं आली की एकेकाच्या डोळ्यांवर गॉगल चढवायचास, ड्रिल कसं धरायचं ते दाखवायचास. मुलं तुला 'बिग सर' म्हणायची. तू हसलास की खालचे पॅकरसुद्धा मान वर करून बघायचे.

हे सगळं मला आठवतं, दादा. म्हणून तर इतका संताप होतो! परक्या माणसावर कोण एवढं चिडतं?

पहिले काही शनिवार मी मुलांना काहीच बनवू देत नव्हते. तू वैतागायचास. "अगं, पोरं नुसती बसलीयेत!" नुसती बसली नव्हती रे. बोलत होती. आठवडाभर घरात, बसमध्ये, लिफ्टमध्ये नीट बघायचं आणि येऊन सांगायचं. कुणाला काय त्रास होतो? तो माणूस आत्ता त्यावर काय करतो? तेवढ्यानं का भागत नाही? ज्याचा त्रास आहे त्याला विचारल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही, एवढा एकच माझा नियम होता.

घानाच्या क्वामेच्या आईचं अजमानला वेण्या घालायचं सलून होतं. लावायच्या केसांच्या बटा एकमेकींत गुंतायच्या आणि सोडवता सोडवता तिची बोटं दुखायची. क्वामेनं पुठ्ठ्याला खाचा पाडून बटा वेगळ्या ठेवायची पाटी केली. दुपारपर्यंत पुठ्ठा फाटला. मग तुझ्याच पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्यांची केली. त्या पट्ट्यांना केस अडकायला लागले, म्हणून कडा मेणबत्तीवर गुळगुळीत केल्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तू मला बाजूला घेतलंस. "मोने, याला इन्व्हेन्शन म्हणतेस? हा जुगाड झाला. लोकांना रोबोट पाहिजे."

"कुठल्या लोकांना?"

"स्पॉन्सरला."

त्या माळ्यावर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग तुझं पोस्टर आलं. आफ्रिकेचा नकाशा, त्यावर आमच्या मुलांचे चेहरे, आणि मोठ्या अक्षरांत 'आफ्रिकेला घडवूया'. मी म्हटलं, "दादा, ही अल कुसैस आणि अजमानची मुलं आहेत. यातल्या निम्म्यांनी आफ्रिका फक्त सुट्टीत पाहिलीय." तू म्हणालास, "मार्केटिंग आहे गं, हबीबी. इतकं मनावर घेऊ नकोस."

मनावर घेतलं नाही तर शिकवायचं कशानं?

आता एस्तेर. 

एस्तेर नंतोंगो. तेरा वर्षांची, युगांडाची, चार वर्षांची असताना कंपालाहून अजमानला आलेली. आई शारजाच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. वडील मिस्टर मुकासा (त्यांच्याकडे बापलेकीचं आडनाव एकच नसतं), मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड. वर्गात ती कमी बोलायची. पण आपली पाळी आली तेव्हा उभी राहून म्हणाली, "माझ्या बाबांचे गुडघे सुजतात. पूर्ण ड्यूटीभर त्यांना बसायला परवानगी नाही."

क्वामे म्हणाला, "मग त्यांना खुर्ची दे!"

"खुर्ची ठेवली तर सुपरवायझर उचलून नेतो. मी बाबांना विचारलं. बसायला परवानगी नाही. पण टेकायला कोणी नाही म्हटलेलं नाही."

  दादा, एवढं एक वाक्य पोराच्या तोंडून यावं म्हणून टीचर अख्खा जन्म घालवते! तिला अडचणीतली फट सापडली होती.

तिनं जुन्या कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड घेतला. वरच्या टोकाला गाडीच्या सीटमधला फोम बसवला. तो कमरेच्या पट्ट्याला मागून अडकवायचा, लांब कोटाखाली झाकायचा. माणसानं किंचित मागं रेललं की अंगाचा भार त्या दांड्यावर. समोरून बघणाऱ्याला तो उभाच दिसतो. पहिल्यांदा दांडा मॉलच्या गुळगुळीत फरशीवर घसरला आणि मुकासा पडता पडता वाचले. तिनं खाली कुबडीचं रबर लावलं. मग चालताना तो पायात यायला लागला, म्हणून वर दुमडायची सोय केली. प्रत्येक वेळी वडील घरी फ्रिजशेजारी उभे राहून करून बघायचे आणि ती त्यांना विचारायची, "आता कुठे दुखतंय?"

"टीचर, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"टेकू," मी म्हटलं. सगळ्या वर्गाला तो शब्द आवडला. नायजेरियाची, केनियाची मुलं 'टेकू, टेकू' म्हणत माळ्याभर नाचली. तू खालून ओरडलास, "काय चाललंय वर?" वर येऊन बघितलंस, म्हणालास, "व्हेरी गुड, व्हेरी गुड," आणि फोन वाजला म्हणून परत खाली गेलास.

एकदा टेकून बघितलं होतंस का तू त्याच्यावर? एकदा तरी?

मग तुझा तो मोठा कार्यक्रम ठरला. हॉटेलचा हॉल, बॅनर, पाहुणे. स्पॉन्सर म्हणजे मॉलना आणि टॉवरना गार्ड, सफाईवाले पुरवणारी कंपनी. ते तुझे किट घेऊन आफ्रिकेतल्या शाळांना वाटणार होते. धंद्यातली तुझी आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. आणि मुकासा त्यांच्याच कंपनीत गार्ड होते. हे तुला रिहर्सलला कळलं. एस्तेर माळ्यावर उभी राहून बोलायला लागली, "माझे बाबा गार्ड आहेत," पुढे कंपनीचं नाव घेतलं, आणि तुझा चेहरा उतरला.

मुलं गेल्यावर तू म्हणालास, "खलास. हे चालणार नाही."

"मग तिला कार्यक्रमातून काढ."

"काढायचं कशाला? वस्तू छान आहे. गोष्ट बदलू. गावातल्या बायका डोक्यावरून पाणी आणतात, लांबच्या विहिरीवरून. वाटेत दमतात. त्यांना टेकायला."

"दादा, तिच्या घरी कंपालात नळ होता. तिनं आयुष्यात विहीर पाहिलेली नाही!"

"समोरच्यांना काय माहीत?"

"तिला माहीत आहे ना!"

तू डोकं धरून बसलास. मग म्हणालास, "समज, तिनं स्टेजवरून सांगितलं की माझ्या बाबांना बसू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी नोकरी, व्हिसा जाऊन मुकासा परतीच्या विमानात असेल. ते चालेल तुला?"

 तुझं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी आजही मान्य करते. पण त्याला उपाय साधा होता रे. तिला बोलायलाच लावायचं नाही. क्वामेला पाठवायचं, आणखी चार मुलं होती, त्यांना पाठवायचं. मी तेच म्हटलं. तू म्हणालास, "इन्शाल्ला, बघू." मला वाटलं, तू ऐकलंस.

दादा, एक विचारू? तुला आपल्या लहानपणीच्या त्या चपला आठवल्या नाहीत का?

वसईला आपल्या शाळेत बाहेरून देणगीदार आले होते. फोटो काढायचा होता. आईनं तुला नव्या चपला घेऊन दिल्या होत्या, तू मिरवत गेला होतास. फोटोवाल्यानं तुला त्या काढून बाजूला ठेवायला सांगितल्या. शर्टाचं वरचं बटण उघडायला सांगितलं. तू घरी आलास तो चपला हातात घेऊनच, आणि घरात घालायलाही तयार होईनास. किती वर्षं सांगायचास तू ते! दारू प्यायलास की हमखास सांगायचास. "मला भिकारी बनवलं साल्यांनी, मोने, आणि हसायला सांगितलं." मोठा होईपर्यंत तुला फोटोसाठी उभं राहायला आवडायचं नाही.

आणि तरी तू ते केलंस. ज्याच्या मनात ती आठवण चटक्यासारखी होती, त्यानं.

कार्यक्रमाच्या सकाळी तुझा फोन आला. "मोने, जबल अलीच्या गोदामातून दोन खोकी आणायचीत. दुसऱ्या कुणाला पास मिळत नाहीये. तू जा, गाडी पाठवतो." मी साडी नेसून तयार होते, तशीच गेले. गेटवर पास अडला. मी तुला फोन करते, तू उचलत नाहीस. आत पोहोचले तर गोदामवाला म्हणाला, "मॅडम, कौनसा बॉक्स? आपका माल तो कल ही चला गया."

खोकी नव्हतीच! तू मला तिथे पाठवलं होतंस ते वाटेतून दूर करायला. बहिणीला, दादा. खोटं बोलून.

परत हॉलमध्ये पोहोचले तेव्हा कार्यक्रम निम्मा झाला होता. दारातून मला स्टेज दिसलं. एस्तेरच्या अंगावर युनिफॉर्म नव्हता. रंगीबेरंगी कापड गुंडाळलं होतं, डोक्याला फडकं, हातात पिवळा प्लास्टिकचा पाण्याचा कॅन. आणि माईक तुझ्या हातात. "लेडीज अँड जेंटलमन, या मुलीची आई रोज मैलोन्मैल पाणी वाहते..." मागच्या पडद्यावर भेगाळलेली जमीन. एस्तेर तुझ्याकडे बघत नव्हती, समोरही बघत नव्हती. ती पायांकडे बघत होती.

तिची आई दवाखान्यात ड्यूटीवर होती, म्हणून तिनं हे ऐकलं नाही, हीच एक कृपा.

पण वडील होते. तिसऱ्या रांगेत, राखाडी सूट घालून. ते उठले. हळू उठले, गुडघ्यांमुळे. अतिशय अदबीनं म्हणाले, "एक्सक्यूज मी, सर. ती पाणी वाहणारी बाई म्हणजे मी."

लोक हसले! त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. मुकासा हसले नाहीत. चालत स्टेजवर गेले, लेकीच्या हातातून कॅन घेतला, खाली ठेवला, डोक्यावरचं फडकं सोडून खुर्चीवर घडी घालून ठेवलं. मग तिचा हात धरून मधल्या वाटेनं बाहेर आले. माझ्या शेजारून गेले. एस्तेरनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "टीचर, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही. देवाशपथ नाही." तिनं विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही.

आणि तू काय केलंस? माईक उचललास. "व्हॉट अ लव्हली फॅमिली! जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा. बाप मुलीला त्या तमाशातून बाहेर काढतोय आणि तू त्यावर टाळ्या घेतल्यास!

पार्किंगमध्ये मी तुला गाठलं. काय काय बोलले ते तुला माहीत आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच तू ओरडला नाहीस. फक्त म्हणालास, "मी त्या माणसाची नोकरी वाचवली."

वाचवलीस? ऐक तर मग. त्या कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत होते. मुकासा त्यांच्या अंगावरून स्टेजवर गेले, परत आले. त्यांनी त्यांना ओळखलंच नाही. आपल्याच कंपनीचा, वर्षानुवर्षं आपल्याच गणवेशात उभा असलेला माणूस! पुढे कुणी काही विचारलं नाही, कुणी काही केलं नाही. तू ज्या डोळ्यांना घाबरलास ते या माणसांकडे बघतच नव्हते.

दुसऱ्या शनिवारी मुलं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तू माळ्यावर ऑर्डरची खोकी रचलीस. मी तुझे फोन उचलणं बंद केलं. मनात सगळं भांडण तयार ठेवलं होतं मी, नाताळला जेवायला एकत्र बसू तेव्हा मांडेन म्हणून. आणि तू नाताळच्या आधीच गेलास! वेअरहाउसच्या बाहेर, गाडीत, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. असं करतात का? एवढं मोठं भांडण अंगावर टाकून माणूस निघून जातो का? तुला वसईला नेलं, मातीत ठेवलं, आणि मी फुलं टाकताना मनात म्हणत होते, 'उठ, उत्तर दे.' लोकांना वाटलं, मी प्रार्थना करतेय.

आता या वर्षाचं ऐक. हे तुला माहीत नाही.

चार ओळींचं वहिनीनं सांगितल्यावर मी नवं ऑफिस बघायला गेले. ट्रेनिंग रूममध्ये तुझा फोटो, हार घातलेला. आणि त्याच्या शेजारी, अख्ख्या भिंतीवर, एस्तेर. तेच कापड, तोच पिवळा कॅन. तिची मान खाली, आणि शेजारी तू हसतोयस.

मी म्हटलं, "वहिनी, हा काढ."

"का? त्याचा सगळ्यात आवडता फोटो होता गं हा. ब्रोशरवर पण आहे."

"त्यातलं सगळं खोटं आहे."

वहिनीचे डोळे भरले. "तो गेलाय, मोने. आता तरी सोड त्याला."

"तो गेलाय म्हणून सोडू? ती आहे ना अजून!"

तेव्हा मला कळलं की वहिनीला काहीच ठाऊक नव्हतं. तू तिला विहिरीचीच गोष्ट सांगितली होतीस. घरी, जेवताना, बायकोला! मी खरं सांगितलं तर तिनं कान झाकले. म्हणाली, "तुमच्या भांडणात तू काहीही बोलशील." मी आले निघून.

मग मी अजमानला मुकासांच्या घरी गेले.  त्यांनी आत घेतलं, चहा दिला. ती कंपनी त्यांनी केव्हाच सोडली आहे. आता जबल अलीला एका गोदामात टेबलावर बसून मालाची नोंद करतात. म्हणाले, "टीचर, आता खुर्ची आहे. पण बसलं की गुडघे दुमडत नाहीत." आणि हसले.

मी फोटोचं सांगितलं. ते म्हणाले, "फोटो तिचा आहे. तिला विचारा."

एस्तेर आता माझ्यापेक्षा उंच आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला त्या मॅडमना भेटायचंय."

शनिवारी ती वडिलांबरोबर ऑफिसात आली. टेकू घेऊन आली. मी वहिनीला आधी सांगितलं नव्हतं, नाहीतर तिनं दार उघडलं नसतं. एस्तेरनं भिंतीवरच्या स्वतःकडे नीट बघून घेतलं. मग वहिनीला म्हणाली, "मॅडम, सर गेले त्याचं मला वाईट वाटलं. त्यांनी मला ड्रिल धरायला शिकवलं. पण ही मी नाही. हे मी बाबांसाठी केलं होतं." आणि पट्टा पुढे केला. "तुम्ही लावून बघता का?"

मला वाटलं, वहिनी हाकलून देईल. पण मुलीसमोर तिला नाही म्हणवलं नाही. तिनं पट्टा लावला. घाबरत घाबरत मागं रेलली. उद्घाटनाच्या धावपळीत सकाळपासून उभी होती ती. तिच्या तोंडून "आई गं" निघालं, सुखाचं. तशीच टेकून ती मुकासांना म्हणाली, "किती तास उभे राहायचात?"

"बारा, मॅडम."

वहिनी टेकलेलीच राहिली. तुझ्या फोटोकडे बघत होती. मग पट्टा काढून एस्तेरच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या माणूस बोलावून फोटो उतरवते. पण मोने, तुला माफ केलं असं समजू नकोस." मी म्हटलं, "नाही समजत."

मंगळवारी फीत कापली तेव्हा तुझ्या फोटोशेजारची भिंत मोकळी होती, खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. ते स्पॉन्सर साहेब आले होते. मला विचारलं, "ती पाणीवाली मुलगी कुठे गेली? फार सुंदर गोष्ट होती."

मुकासांना मी आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "सांगा, टीचर. माझं नाव घेऊन सांगा." म्हणून मी सांगितलं. सगळं, नाव घेऊन. साहेबांच्या हातात समोसा होता. ते म्हणाले, "पण मॅडम, उभं राहणं हाच तर गार्डचा जॉब आहे." वहिनी शेजारीच होती. मला वाटलं, ती मला गप्प करेल. ती म्हणाली, "सर, तुम्ही एकदा बारा तास राहून बघा ना." ते हसले, घड्याळ बघितलं आणि निघाले. पुढची ऑर्डर ते देणार नाहीत, असा काल निरोप आला. वहिनीनं फोन करून मला कळवलं. ओरडली नाही.  तिला आता दिवस कठीण जातील, दादा, आणि त्यासाठीही मला राग तुझाच येतो.

अल कुसैसच्या आमच्या शाळेनं शनिवारसाठी एक वर्ग दिलाय. क्वामे येतोय. नवी मुलं आहेत, एक इथिओपियाची जोडी भांडकुदळ आहे अगदी. एस्तेरला विचारलं. म्हणाली, "येईन. लहान मुलांना शिकवेन. पण कुठल्याही स्टेजवर जाणार नाही." तेरा वर्षांची होती ती तेव्हा! तुझ्या त्या दुपारनं लोकांसमोर बोलणं तिच्यातून कायमचं काढून घेतलं. तिनं तुला माफ केलंय की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि तुझ्या वतीनं विचारणारही नाही.

वचन घ्यायला तू नाहीस, तरी देते. माझ्या वर्गात ज्याची अडचण, तोच ती सांगेल, समोर कुणीही बसलेलं असो. घरी कुणी तुझ्याबद्दल विचारलं तर तू खोकी कशी उतरवलीस तेही सांगेन आणि कॅन कसा हातात दिलास तेही. रोझरीत रोज तुझं नाव घेईन. तुझ्या आत्म्याला शांती मिळो असं म्हणेन, मनापासून म्हणेन. पण तुझ्यासाठी खोटं मात्र बोलणार नाही.

तुझीच बहीण,
मोनिका